संगणकाविना फोनमधील ई-पुस्तके ई-रीडरवर कशी न्यावीत?

पानवेडी

नमस्कार. माझ्या वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आम्ही भावंडांनी टंकित करून घेतल्या आणि त्यांचे ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातील पुस्तक तयार करवून घेतले. ती फाइल आणि प्रताधिकारमुक्त अशी आणखी दहा-बारा मराठी पुस्तके माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये आहेत. ही सर्व पुस्तके मला माझ्या कोबो या ई-रीडरवर घ्यायची आहेत, आणि वडिलांचे पुस्तक आईच्या किंडलवरही (अमेझॉनचा ई-रीडर) घालायचे आहे. फोनवर वाचताना आईचे डोळे दुखतात. तिला ते मोठ्या अक्षरांत, निवांतपणे वाचता यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की घरातला संगणक बंद पडला आहे आणि केवळ एवढ्यासाठी नवा घेणे शक्य नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने कोबो फोनला जोडून पाहिला, तर तो नुसता चार्ज होऊ लागला. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये काहीच दिसले नाही. हे काम फोनवरूनच करण्याचा खात्रीचा मार्ग कोणी सांगू शकेल का?

संथवाचक

तुमच्याकडील दोन यंत्रांसाठी मार्ग वेगवेगळे आहेत, त्यामुळे आधी किंडलचे सांगतो. किंडल ईपब फाइल थेट उघडत नाही. केबलने ती आत टाकली तरी ग्रंथसंग्रहात दिसत नाही. मात्र २०२२ पासून अमेझॉनची ‘सेंड टू किंडल’ सेवा ईपब स्वीकारते आणि किंडलला चालेल अशा स्वरूपात बदलून पाठवते. म्हणजे संगणकावर जे रूपांतर करावे लागत असे, ते आता पलीकडे परस्पर होते.

फोनवर किंडलचे अ‍ॅप घालून त्यात आईच्याच खात्याने प्रवेश करा. मग फाइल मॅनेजरमध्ये त्या फाइलवर ‘शेअर’ दाबून किंडल निवडले की काम झाले. ईमेलचा मार्गही तितकाच सोपा आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो आणि तो अमेझॉनच्या खात्यातील ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’ या भागात दिसतो. त्याच ठिकाणी ज्या पत्त्यांवरून आलेली कागदपत्रे स्वीकारायची त्यांची यादी असते. त्या यादीत तुमचा ईमेल पत्ता घालायला विसरू नका, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. ईमेलने पाठवायची फाइल ५० एमबीपर्यंतच चालते. फोनच्या ब्राउझरमधून ‘सेंड टू किंडल’च्या पानावर चढवल्यास ही मर्यादा २०० एमबी आहे. त्यानंतर आईचे किंडल वाय-फायला जोडून सिंक करा.

दोरीवाला

कोबोचे काम केबलनेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. कोबो ईपब जशीच्या तशी वाचतो, त्यामुळे रूपांतराचा प्रश्नच येत नाही. फाइल त्याच्या साठवणीत पोहोचली की पुरे. शिवाय सेंड टू किंडलने फाइल पाठवली की ती कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. प्रताधिकारमुक्त पुस्तकांचे त्यात काही बिघडत नाही, पण घरातल्या खासगी आठवणी असतील तर पाठवण्यापूर्वी भावंडांशी एकदा बोलून घ्यावे.

आता मूळ अडचणीकडे येतो. दोन यंत्रे केबलने जोडली की त्यांतील एकाने यजमान, म्हणजे जोडणीचे नियंत्रण करणारे यंत्र, व्हावे लागते, आणि इथे ते यजमानपद फोनकडे असायला हवे. टाइप-सी केबलमध्ये हे दोन्ही यंत्रे आपसांत ठरवतात आणि कधीकधी ते फसते. केबल जोडलेली असताना फोनवरची सूचनापट्टी खाली ओढा. तिथल्या यूएसबीच्या सूचनेवर दाबले की यूएसबीचे नियंत्रण कोणाकडे हे विचारणारा पर्याय बहुतेक फोनमध्ये दिसतो, तिथे ‘हे डिव्हाइस’ निवडा. काही फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ओटीजी (फोनला इतर यंत्रे जोडण्याची सोय) नावाचा वेगळा खटका असतो, तोही चालू करावा लागतो. इतके करूनही काही दिसले नाही, तर केबल बदलून पाहा, कारण काही केबलींमधून केवळ वीज जाते, माहिती जात नाही. माझ्या जुन्या मायक्रो-यूएसबीच्या ई-रीडरसाठी तर फोनच्या बाजूला ओटीजी अडॅप्टर लावल्याशिवाय जोडणीच होत नसे.

जोडणी झाली की कोबोच्या पडद्यावर प्रश्न येतो. तिथे ‘कनेक्ट’ दाबल्याशिवाय फोनला आतले काही दिसत नाही. मग फाइल मॅनेजरमध्ये ‘कोबोईरीडर’ नावाची साठवण उघडेल, तिच्यात पुस्तके कॉपी करा. ‘कोबो’ नावाचा, टिंबाने सुरू होणारा एक लपवलेला फोल्डर तिथे असतो, त्याला हात लावू नका. शेवटी केबल थेट उपसू नका; आधी फोनवरून ‘इजेक्ट’ करा. मी एकदा घाईत केबल ओढली, आणि अर्धवट उतरलेले पुस्तक मधल्या प्रकरणात थांबू लागले. ते काढून पुन्हा घालावे लागले.

पानवेडी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सूचनापट्टीतला तो पर्याय बदलताच कोबो दिसला आणि सर्व पुस्तके उतरली. भावंडांशी बोलून आईच्या किंडललाही ईमेल केला. ते पुस्तक तिथे नीट उघडले. परंतु कोबोवर मराठी मजकुराच्या जागी ओळीने रिकामे चौकोन दिसतात. फाइल बिघडली असेल का?

लिपीप्रेमी

फाइल बिघडलेली नाही; ती किंडलवर नीट उघडली हाच त्याचा पुरावा आहे. चौकोन दिसतात याचा अर्थ निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचा आहे. तो फोनवर उतरवून घ्या. झिप फाइल असेल तर फाइल मॅनेजरमध्येच ती उघडा आणि आतील रेग्युलर (साधा) व बोल्ड (ठळक) या दोन टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या, फाइली बाजूला काढा. कोबो पुन्हा जोडून त्याच्या साठवणीच्या सर्वांत वरच्या पातळीवर ‘fonts’ नावाचा फोल्डर इंग्रजीत, सर्व अक्षरे लहान ठेवून तयार करा आणि दोन्ही फाइली त्यात ठेवा. इजेक्ट केल्यावर पुस्तक उघडून फॉन्टच्या यादीतून नोटो निवडा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍य’ आणि ‘ष्ट्य’ अशी जोडाक्षरे असलेले एखादे पान मुद्दाम उघडून तपासा, कारण कच्च्या फॉन्टमध्ये चूक पहिल्यांदा तिथेच उघडी पडते.

पानवेडी

झाले! जोडाक्षरेही स्वच्छ दिसतात. मात्र वाचताना वडिलांच्या एका प्रकरणात तारखेची चूक सापडली, ती दुरुस्त करून फाइल पुन्हा पाठवावी लागेल. किंडलवर जुनी प्रत आपोआप बदलेल का?

संथवाचक

नाही, दुरुस्त फाइल वेगळे पुस्तक म्हणून येईल आणि आईला एकाच नावाची दोन पुस्तके दिसतील. म्हणून पाठवण्यापूर्वी पुस्तकाच्या नावापुढे ‘सुधारित’ असे लिहून ठेवा. ती फाइलच्या नावात नव्हे, तर पुस्तकाच्या आतल्या माहितीत करायची नोंद आहे, तेव्हा ज्यांनी ईपब बनवून दिले त्यांनाच ती करायला सांगा. आईने जुन्या प्रतीत कुठे खुणा केल्या असतील तर त्या नव्या प्रतीत येणार नाहीत. तिच्याजवळ बसून त्या आधी उतरवून घ्या आणि मगच जुनी प्रत काढा.