रॅम्पची हीटिंग केबल (टोरोंटो, बिल्डिंगचा मराठी ग्रुप)

युनिट ६०४: रॅम्पवरचा बर्फ वितळवायला काँक्रीटखाली हीटिंग केबल आहे, तिची डावी पट्टी तापत नाही. ब्रेकर चढवला की लगेच ग्राउंड फॉल्टवर (वीज जमिनीकडे गळते म्हणून) पडतो. ड्रिल लागलंय केबलला. खराब भाग कापून टोकं जोडली तर?

युनिट १२०२: कापून लांबी कमी करू नका. सिरीज केबल आहे, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत एकच तापणारी तार, तिच्याभोवती पूड आणि वर धातूचं आवरण; लांबी घटली की रोध घटतो. ६० मीटर, १२ ओहम, २०८ व्होल्ट म्हणजे ३.६ किलोवॅट. ३ मीटर गाळले की दर मीटरची उष्णता जवळजवळ ११ टक्के वाढते. तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच ओहमचा तुकडा घाला. जोड दोन होतील, होऊ द्या.

युनिट ६०४: जोडाला साधं सोल्डर चालेल का काका?

युनिट १२०२: नाही. बाहेरची स्लीव्ह (जोडावर बसणारी धातूची नळी) ब्रेझ करताना, म्हणजे जास्त तापमानाला धातूची काडी वितळवून जोडताना, आतलं सोल्डर वितळतं. तारेलाही क्रिंप (छोटी नळी दाबून जोडणं) किंवा ब्रेझच. ४५ टक्के चांदीची काडी साधारण ७४५ अंश सेल्सियसला पूर्ण वितळते. तांब्यावर तांबं असेल तर फॉस्फरसवाली काडी फ्लक्सशिवाय (धातूवरचा गंजाचा थर काढणाऱ्या लेपाशिवाय) चालते. पण आवरण निकेल मिश्रधातूचं असेल तर ती वापरू नका, जोड ठिसूळ होतो. तिथे चांदी आणि काळा फ्लक्स.

युनिट ९११: खरी गोची ओलाव्याची. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतलं पाणी ओढते. टोकापासून १५-२० सेंटीमीटर मागून टॉर्च सुरू करून उघड्या टोकाकडे सरकवायचा. उलट फिरवला तर ओल आत ढकलली जाते. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) तार आणि आवरण यांत मोजायचं. २० मेगाओमच्या खाली असेल तर पुढे जाऊच नका, परत वाळवा.

युनिट ६०४: स्लीव्ह कधी घालायची?

युनिट ९११: सगळ्यात आधी! तार जोडल्यावर ती जाणारच नाही. प्लास्टिकचं वेष्टण मागे सोलून ठेवा, नाहीतर जळेल. तार जोडली की स्लीव्हच्या भोकातून कोरडी पूड ठोकून ठोकून भरा, पोकळी राहू देऊ नका. मग दोन्ही कडा आणि भोक ब्रेझ. फ्लक्सचा मळ गरम पाण्याने घासून काढा, तो गंजवतो. शेवटी गोंदवाली हीट-श्रिंक (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी).

युनिट १२०२: काँक्रीट घालण्याआधी परत मेगर, दुसऱ्या दिवशीही. आकडा घसरला तर जोडात बारीक छिद्र आहे. आणि मॅनेजमेंटला सांगा, ऑन्टारियोत हे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं, इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीला कळवून.

युनिट ६०४: उजवी पट्टी पॉलिमरची सेल्फ-रेग्युलेटिंग (गरम झाली की आपोआप कमी तापणारी) आहे, तिलाही असंच?

युनिट १२०२: तिच्याजवळ टॉर्च नेऊ नका, वितळेल. तिचं क्रिंप आणि हीट-श्रिंकचं वेगळं किट येतं.