ऑईल आणि चेन घरीच? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-१०४: कुणाकडे रिंग पान्यांचा सेट आहे का? पावसाआधी गाडीचं ऑईल आणि चेन घरीच उरकतो म्हणतोय. गॅरेजला टाकली की "उद्या या", आणि बिलात न सांगितलेली दोन कामं.

ए-३०२: माझ्याकडे आहे, घेऊन जा. गाडी कुठली?

बी-१०४: स्प्लेंडर. जुनी, कार्बोरेटरवाली.

ए-३०२: मग बिनधास्त. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आले, तिथे उगाच खोलाखोली नको. ऑईल-चेन मात्र त्यांचंही घरी होतं.

बी-१०४: ऑईल कारचं पडलंय घरात, चालेल?

ए-३०२: अजिबात नको! मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो, कारच्या ऑईलने तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ हा मोटारसायकलच्या ऑईलचा शिक्का बघून घे. गाडी दोन मिनिटं चालू ठेव, ऑईल पातळ झालं की इंजिनखालचा ड्रेन बोल्ट खोल. वायसर नवा टाक. आणि बोल्ट आवळताना पैलवानकी नको, खालचं ॲल्युमिनियम मऊ असतं. आटे गेले की मग गॅरेजवालाच हसत बिल करेल.

सी-२०१ काका: ऑईल बदल रे, पण ब्रेकाक हात लावू नको हां. पोरां मागे बसतत.

ए-३०२: काका, बरोबर. लायनर, म्हणजे ब्रेकमधले घासणारे पट्टे, बदलायचे तर मेस्त्रीच हवा. पण चेन ताणली की ब्रेकला हात लागतोच. चाक मागे सरकतं तसा ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि लायनर घासायला लागतात. म्हणून चेन झाली की मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवून बघायचं, अडकत असेल तर ब्रेकच्या रॉडचा मागचा नट ढिला. पायाखाली पॅडल किती दबतं तेही बघायचं. हे बरेच जण विसरतात.

बी-१०४: चेन किती ढिली ठेवायची?

ए-३०२: कव्हरला खाली रबरी बूच आहे, ते काढून बोटाने वर-खाली कर. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, नाहीतर चाक वाकडं. चेनलॉकची, म्हणजे चेन जोडणाऱ्या कडीची, क्लिप बसवताना बंद टोक चेन धावते त्या दिशेला. आपल्याकडे मांडवी-भाट्याच्या समुद्राचा खारा वारा कव्हरच्या आतही जातो, तेव्हा दर पंधरवड्याला तेल. माझं म्हणणं, मेस्त्रीला सगळं द्या, पण चेनचं तेल स्वतः द्या. ते काम त्याच्या वेळापत्रकात बसत नाही.

ए-४०१ काकी: ते काळं ऑईल कुठे ओतणार? मागे विहीर आहे. जांभ्यातून झिरपायला वेळ लागत नाही.

बी-१०४: काकी, रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला देतो. तिथे ड्रम असतो.

बी-३०३: २०२१ च्या जुलैत चिपळूणला मेव्हण्याची गाडी पुरात बुडाली होती. पाणी ओसरल्यावर तो किक मारायलाच निघाला होता, शेजाऱ्याने अडवलं. ऑईल काढलं तर दुधासारखं पांढरं.

ए-३०२: शेजारी शहाणा निघाला. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना किक किंवा सेल्फ मारला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बुडालेली गाडी ढकलत मेस्त्रीकडेच, तिथे स्वतःची हौस नको.

सेक्रेटरी: वाचतोय सगळं. पार्किंगमध्ये नको, फरशी नवीन आहे. रविवारी मागच्या अंगणात करा, पुठ्ठा अंथरून.

बी-१०४: मागे म्हणजे माडाखाली?

ए-३०२: नारळ पाडून झालेत का ते आधी विचार.

सेक्रेटरी: गडी मंगळवारी येतोय.

बी-१०४: मग बुधवारी सुट्टी टाकतो.