नाकाची दुसरी शस्त्रक्रिया करू द्यावी का?

धाकटीचा दादा:
माझ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी नाकाची प्लास्टिक सर्जरी करून घेतली. आमच्या मते ती आधीही नाकीडोळी नीटस होती. तिला मात्र आता नाकपुड्या लहानमोठ्या वाटतात. मोबाइलवर स्वतःचे फोटो मोठे करून ती तासन्‌तास पाहते, लग्नकार्यांना येणे टाळते आणि आता दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढायला निघाली आहे. तिला अडवावे का?

मानसोपचारतज्ज्ञ, नाशिक:
प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नव्हे. परंतु आपल्या वर्णनावरून बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची, म्हणजे रूपातला नसलेला किंवा किरकोळ दोष मोठा वाटून त्याचाच ध्यास लागण्याच्या विकाराची, शंका घेण्यास जागा आहे. इटलीतील मानसोपचारतज्ज्ञ मॉर्सेली यांनी १८९१ मध्ये वर्णिलेला हा विकार आज मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, गटात मोडतो. सर्वसाधारण लोकांत तो सुमारे २ टक्के आढळतो, सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत बराच अधिक. नाक खरोखर वाकडे आहे का, यावर घरात खल करून काही साधत नाही. दिवसाचा किती वेळ त्या विचारात जातो आणि नोकरी, झोप, भेटीगाठी यांवर काय परिणाम होतो, हे पाहावे. या विकारात शस्त्रक्रियेने समाधान क्वचितच लाभते. बहुधा शल्य कायम राहते, फक्त जागा बदलते. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या संवादातून होणाऱ्या उपचारात, आरसा आणि फोटो पुन्हापुन्हा पाहण्याची सवय टप्प्याटप्प्याने सोडवली जाते. एसएसआरआय या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या गटातील औषधांचाही उपयोग होतो, मात्र त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे तिला स्पष्ट विचारा. तसे असल्यास विलंब न करता डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आनंदी नाकवाली:
नाकाचा उंचवटा काढून घेऊन मी समाधानी आहे, तेव्हा शस्त्रक्रिया मागणारा प्रत्येक जण मनाने आजारी असतो असे कृपया समजू नये. माझ्या सर्जननी मात्र आधी "यानंतर तुमच्या आयुष्यात नेमके काय बदलेल असे वाटते?" हे खोदूनखोदून विचारले होते. असे काहीच न विचारता तारीख देणाऱ्याकडे जाऊ नये. शिवाय जवळून काढलेल्या सेल्फीत नाक असते त्याहून रुंद दिसते.

धाकटीचा दादा:
आभार. पण मानसोपचाराचे नाव काढले की "मी वेडी नाही" म्हणून ती उठून जाते.

मानसोपचारतज्ज्ञ, नाशिक:
मग नाकाचा विषयच काढू नका. "तुझी झोप उडाली आहे, तू घराबाहेर पडत नाहीस, तेवढ्यासाठी एकदा जाऊ," असे म्हणून पाहा. आणि शस्त्रक्रिया कायमची रद्द करण्याचा आग्रह न धरता, तपासणी होईपर्यंत कर्जाच्या कागदांवर सही करू नकोस, एवढेच तिच्याकडे मागा.