मदत हवी आहे: खोटी एमबी (कामाच्या मोजमापाचं पुस्तक) लिहायला नकार दिला म्हणून बदली. राज्य कर्मचाऱ्याला कुठला कायदा वाचवतो?

सातपुडा_७

नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. ती स्वतः इथे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय. खातं आणि जिल्हा मुद्दाम सांगत नाही. कुणी ओळखलंच तर कृपया धाग्यावर लिहू नका.

ती राज्य शासनाच्या एका बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता (जेई) आहे. जिल्हा परिषद नाही, थेट शासनाची नोकरी. तिच्याकडे एका ग्रामीण रस्त्याचं काम होतं. ठेकेदाराने खडीकरणाचा एक थर घातलाच नाही आणि मोऱ्यांना अंदाजपत्रकात होते त्यापेक्षा लहान पाइप टाकले. मार्चअखेरीस निधी परत जाईल म्हणून डेप्युटी साहेबांनी (उपअभियंता) तोंडी सांगितलं, "एमबी लिहून टाक, उरलेलं पावसाळ्याआधी करून घेऊ." तिने लिहिली नाही. कार्यकारी अभियंत्यांना फोटोसहित पत्र दिलं. आवक क्रमांकाची पोच तिच्याकडे आहे.

त्यावर काय झालं? तिलाच कारणे दाखवा नोटीस. "कामात दिरंगाई व वरिष्ठांशी उद्धट वर्तन." उद्धटपणा कधी, कुठे, काय बोलली, काही लिहिलेलं नाही. काम दुसऱ्या जेईकडे दिलं, त्याने एमबी लिहिली, बिल निघालं. आणि आता ऐन ऑगस्टमध्ये बदलीचा आदेश, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सध्याच्या जागी तिची दीड वर्षंसुद्धा झालेली नाहीत. कारण म्हणून दोनच शब्द: "प्रशासकीय कारणास्तव". अजून कार्यमुक्त केलेलं नाही, पण उद्याही करतील. गोपनीय अहवाल खराब लिहिलाय अशी कुजबुज आहे ती वेगळीच.

मी नेटवर वाचलं की २०१४ साली जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा झालाय आणि त्यात तक्रारदाराचा छळ करता येत नाही. तो इथे लागू होतो का, आणि तक्रार कुणाकडे करायची? बदली थांबू शकते का? भाऊजी म्हणतात सगळे फोटो आणि बिलाची झेरॉक्स पेपरवाल्यांना देऊन टाका. आई म्हणते गप रुजू व्हा. घरात रोज वाद आहे. जाणकारांनी सांगावं.

लाल_फीत

ताई, आधी वाईट बातमी. तो २०१४ चा कायदा विसरा. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापूनही आला, पण तो कधीपासून अमलात येणार ही केंद्राने काढायची अधिसूचना निघालीच नाही. मग २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, कुठकुठली माहिती उघड करायची नाही याची दहा प्रकारची यादी घालून. ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर गेलं. म्हणजे मूळ कायदा कागदावर आहे, लागू नाही. इंटरनेटवरचे निम्मे लेख हे सांगतच नाहीत.

दुसरं तुमच्या वाचनात येईल ते पीआयडीपीआय, म्हणजे जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव. सत्येंद्र दुबेंच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हलवलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्राने हा ठराव काढला. दुबे आयआयटी कानपूरचे अभियंते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होते. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्राने कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली आणि ते पत्र नावानिशी खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घातली. (सीबीआयच्या मते तो लुटीचा प्रकार होता, शिक्षाही त्याच प्रकरणात झाल्या. पत्र फिरवल्याबद्दल कुणाला काय झालं, ते विचारू नका.) या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोग तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतो. पण तो केंद्राचे कर्मचारी, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम आणि केंद्रीय कायद्याने स्थापन झालेली महामंडळं यांच्यापुरता. राज्याचा कर्मचारी त्यात बसत नाही. रस्त्याला केंद्राचा पैसा असला तरी तुमचा डेप्युटी राज्याचाच नोकर राहतो.

तेव्हा "जागल्या" म्हणून संरक्षण मागायला जाऊ नका, हात हलवत परत याल. बहिणीला वाचवणारे कायदे साधे सेवाविषयक आहेत आणि ते बऱ्यापैकी धारदार आहेत.

बदल्यांचा अधिनियम २००५ (महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २१, २००६) काढून वाचा. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं. बदल्या एप्रिल-मे मध्ये. अवेळी किंवा मुदतीआधी करायची तर कलम ४(४) आणि ४(५) प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मान्यता लागते. "प्रशासकीय कारणास्तव" हे कारण नाही, तो रबरी शिक्का आहे. एवढंच लिहिलेले आदेश मॅटने (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) रद्द केल्याची उदाहरणं आहेत. शिवाय सोमेश तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही.

एक महत्त्वाचं: बदलीची मूळ नस्ती (फाइल) बघायला हवी. प्रस्ताव कुणी दिला, कधी दिला, नागरी सेवा मंडळापुढे गेला का. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं द्यावीच लागतात. बहिणीने स्वतःच्या नावाने, फक्त स्वतःच्या बदलीपुरता अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. प्रस्तावाची तारीख तिच्या पत्रानंतरची निघाली तर निम्मी लढाई तिथेच झाली.

मोजपट्टी

मी बांधकामातलाच, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली म्हणजे चार्ज देताना घाई करू नका. खरे घोळ तिथेच होतात. तिच्या नावावर असलेल्या प्रत्येक एमबीचा क्रमांक, शेवटचं लिहिलेलं पान, शेवटच्या नोंदीची तारीख आणि अर्धवट कामाची आजची स्थिती अशी यादी करायची. दोन प्रती, घेणाऱ्याची सही आणि तारीख. शेवटच्या नोंदीखाली कोरी जागा उरली असेल तर तिरकी रेघ मारून सही. नाहीतर वर्षभराने तिच्याच अक्षराखाली नव्या नोंदी दिसतील आणि चौकशीत उत्तर तिला द्यावं लागेल. घेणारा सही देत नसेल तर यादी कार्यकारी अभियंत्यांच्या आवकला द्या, पोच घ्या. साइट ऑर्डर बुकात तिने ठेकेदाराला काही लिहिलं असेल तर त्याचाही उल्लेख यादीत हवा. हे पुस्तक हमखास "सापडत नाही".

दुसरी, तोंडी आदेशाची. वर्तणूक नियम १९७९ मधला नियम ३ बघा. वरिष्ठांचे निर्देश शक्य तिथे लेखी घ्यायचे, तोंडी मिळाले तर नंतर लेखी दुजोरा घ्यायचा, असं तोच सांगतो. टीएसआर सुब्रमणियन निकालात (ऑक्टोबर २०१३) सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांवर बोट ठेवलंय. तेव्हा आजही उशीर नाही. "दि. अमुक रोजी आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेस लेखी दुजोरा मिळावा" असं एका ओळीचं पत्र. भाषा थंड. कुणी भ्रष्ट आहे, संगनमत आहे, असले शब्द नकोत. नोटिशीला उत्तरही तसंच. मुदतीत द्या आणि उद्धट वर्तनाचा दिनांक, स्थळ, साक्षीदार कळवावेत एवढंच विचारा. काही नसेल तर तो आरोप आपोआप हवेत राहतो.

निळाई

मी अमेरिकेत एका फेडरल एजन्सीत काम करते. इथे १९८९ चा व्हिसलब्लोअर कायदा आहे, ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल म्हणून स्वतंत्र कार्यालय आहे आणि सूडाने केलेली कारवाई तात्पुरती रोखून धरा अशी मागणी ते करू शकतं. लोकांना इथेही त्रास होतोच, पण निदान दार कुठलं ठोठवायचं ते माहीत असतं. भारतात असं काहीच नाही हे वाचून धक्का बसला.

लाल_फीत

@निळाई, माहितीबद्दल आभार, पण ताईंना तालुक्यात लढायचंय.

गावाकडचा

एवढं कोर्टबिर्ट कशाला. मेडिकल टाका, दोन महिने घरी बसा, तोवर आमदारांकडून पत्र आणा. आमच्याकडे सगळे हेच करतात.

काळा_कोट

हे अजिबात करू नका. कृपया.

गैरहजर असताना एकतर्फी कार्यमुक्त करता येतं, आदेश ईमेलने किंवा घरच्या पत्त्यावर पाठवून. मग ती ना जुन्या जागी ना नव्या, पगार बंद, वैद्यकीय मंडळापुढे तपासणी आणि अनधिकृत गैरहजेरीचं नवं दोषारोपपत्र. आज तिच्याविरुद्ध काहीही ठोस नाही, ते आपण होऊन कशाला तयार करून द्यायचं? आमदारांचं पत्र तर आणखी वाईट. सेवाविषयक बाबीत राजकीय दबाव आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही, म्हणजे साहेबांना आयता आरोप मिळतो.

क्रम असा ठेवा. आजच सक्षम प्राधिकाऱ्याला निवेदन, सोबत तिच्या मूळ पत्राची पोच आणि बदली आदेश. समांतर मॅटमध्ये मूळ अर्ज तयार ठेवा, अंतरिम स्थगितीच्या मागणीसह. खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद). निवेदनाच्या उत्तराची वाट बघत बसलात आणि मधे कार्यमुक्त होऊन जागेवर दुसरा रुजू झाला, तर स्थगिती मिळणं अवघड होतं. दाद मागायची मुदत एक वर्ष आहे वगैरे खरं, पण बदलीत वर्षाला अर्थ नसतो, दिवसाला असतो. स्थगितीआधीच कार्यमुक्त केलं तर "माझा हक्क राखून" असं लिहून नव्या जागी रुजू व्हायचं. रुजू झाल्याने खटला संपत नाही.

गोपनीय अहवालाचं म्हणाल तर कुजबुजीवर काही करू नका. देव दत्त निकालापासून (२००८) प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवावा लागतो. प्रत मागा, आली की निवेदन द्या. अहवाल लिहिणारा तोच डेप्युटी आहे, ज्याच्याविरुद्ध तिचं पत्र आधीपासून आवकला पडलंय. हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात.

सातपुडा_७

सगळ्यांचे मनापासून आभार. आवकच्या पोचेचं ऐकून बहीण पहिल्यांदा जरा सावरली. पेपरचं कुणीच बोललं नाही. भाऊजी अजून अडून बसलेत. लाचलुचपतवाल्यांकडे जावं का हेही विचारतायत.

लाल_फीत

बहिणीच्या हातून पेपरला एकही कागद जाता कामा नये. परवानगीशिवाय सरकारी कागद बाहेर देणं हा स्वतंत्र गैरवर्तनाचा आरोप होतो आणि मग रस्ता बाजूला राहून चर्चा तिच्यावरच होते. बिलाची झेरॉक्स घरी आहे हेही यापुढे कुठे लिहू नका.

मोठ्या अधिकाऱ्यांचंही सोपं नसतं. जलसंपदा खात्याचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांबद्दल मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्रं लिहिली. पत्रं बाहेर आली तेव्हा सरकार हादरलं, पण पांढरे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. ते मुख्य अभियंता होते, निवृत्तीच्या जवळ. जेईच्या पुढे अजून अख्खी नोकरी आहे.

रस्ता उघडा पाडायचा असेल तर तो कुठल्याही नागरिकाला पाडता येतो. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्ये फक्त कागद नाहीत. कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. थर घातलाय की नाही हे खोदल्यावर दिसतं, त्याला कुणाची साक्ष लागत नाही. मात्र अर्ज घरातल्या कुणी करू नये. आडनाव बघूनच ओळखतात.

लाचलुचपत विभागाचा १०६४ क्रमांक लाच मागितली असेल तर उत्तम, सापळ्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण इथे लाच मागितल्याचा प्रसंग नाही, अधिकाऱ्याच्या निर्णयाचा आहे. २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ मुळे अशा चौकशीला आधी शासनाची मान्यता लागते. तक्रार करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मोजपट्टी

एक राहिलं, आणि हे घाबरवायला नाही. ठेकेदार कसा आहे? २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेल भेसळवाल्यांनी भरदिवसा जाळलं. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस. बहिणीला साइटवर एकटीने जाऊ देऊ नका. धमकीचा फोन आला तर तारीख-वेळेसह पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची प्रत कार्यकारी अभियंत्यांना.

सातपुडा_७

ठेकेदार "समजून घ्या ना मॅडम" प्रकारातला आहे, अजून तरी. निवेदन लिहून झालंय, मोजपट्टींनी सांगितली तशी एमबींची यादीही आज करतोय. काळा कोट, तुम्हाला विपू (साइटवरचा निरोप) केली आहे, खंडपीठ कुठलं ते त्यात लिहिलंय. वकिलांकडे जाताना मूळ कागद न्यायचे की साक्षांकित प्रती चालतील?

काळा_कोट

विपू पाहिली. प्रती चालतील, मूळ पोच घरीच ठेवा. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची आणि सध्याच्या जागी रुजू झाल्याच्या अहवालाची प्रत विसरू नका, पदावधी त्यावरूनच मोजतात. सोमवारी अकराच्या आत या.