फायरबॉल पडला की फायटरवाला मोबाईल काढून बसतो, काय करावं?

देवगिरीचा_डीएम:
नमस्कार मंडळी. आम्ही पाचजण संभाजीनगरला सिडकोत दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट घडवायचा टेबलावरचा खेळ) खेळायलोत, फिफ्थ एडिशन, 2014 ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आन शत्रू खेळवणारा, मीच. किल्ला आपल्या दौलताबादवरूनच घेतलाय, खंदक, अंधारी (काळोखी बोळवाट), वरची बारादरी सगळं तसंच, पोरं शाळेच्या सहलीला तिथंच गेलेली त्यामुळं नकाशा समजावत बसावं लागत नाही. चौथ्या लेव्हलपर्यंत लई मजा आली. पाचव्या लेव्हलला विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल (फुटून मोठ्या जागेत सगळ्यांना भाजणारा आगीचा स्पेल, म्हणजे मंत्र) मिळाला आन तिथून सगळं बिघडलं. मी दहाबारा हॉबगॉब्लिन (राक्षसी शिपाई) मांडतो, विझार्डचा नंबर पहिला लागला की एका स्पेलमधे मैदान साफ. फायटर (शस्त्रानं लढणारा, जादू नसलेला) खेळणारा पोरगा आमचा सगळ्यात हौशी, स्वतः कागदावर ढाल तलवार रंगवून आणणारा, तो आता मोबाईल काढून बसायलाय. मला त्याचं लई वाईट वाटतं. फायरबॉल 8 डी 6 चा (सहा बाजूंचे आठ फासे टाकून बेरीज होईल तेवढं नुकसान) 6 डी 6 करू का? का फायटरला एखादी जादूची तलवार देऊ?

लातूरचा_फासा:
भाऊ, स्पेलला हात लावायच्या आधी एक सांगा, एका लाँग रेस्टपासून (रात्रीची झोप, ताकद परत येते ती) दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत तुमच्याकडं लढाया किती होतात?

देवगिरीचा_डीएम:
एक. कधीतरी दोन. मग ते टायनी हट (जादूचा सुरक्षित घुमट) लावून झोपतात.

लातूरचा_फासा:
मग दुखणं तिथंच आहे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडं तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (फायरबॉलएवढा मंत्र टाकायच्या खेपा) दोन, आर्केन रिकव्हरी या त्याच्या खुबीनं दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टला अजून एक परत घेता येतो, म्हणजे दिवसाला फायरबॉल जास्तीत जास्त तीन. डीएमच्या पुस्तकात दिवसाला साधारण 6 ते 8 मध्यम किंवा अवघड लढाया धरल्यात, त्या हिशोबानं त्याला दर लढाईला जपून विचार करावा लागतो, इथं टाकू का पुढं लागेल. तुम्ही एकच लढाई दिली तर त्याला जपायचं कारणच राहत नाही. आन फायटरचं उलट, त्याचा ॲक्शन सर्ज (एका पाळीत जादा वार) आन सेकंड विंड (थोडी जखम भरून काढणं) एका तासाच्या शॉर्ट रेस्टला परत येतो, म्हणजे दिवस जितका लांब तितका फायटर भारी. तुम्ही शॉर्ट रेस्ट होऊच देत नाही, म्हणजे त्याची ताकद निघायच्या आधीच दिवस संपायलाय.

दुसरं, हॉबगॉब्लिनला हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) 11. फायरबॉलची सरासरी 28, सेव्ह झाला (फासा टाकून निम्मं टाळलं) तरी 14, म्हणजे जो वाचायला पाहिजे तोबी जातोच. तिथं ओगर (धिप्पाड राक्षस) ठेवा, 59 हिट पॉइंट. एकट्या ओगरवर फायरबॉल 28 चा, आन तुमच्या फायटरनं ग्रेटस्वोर्डनं दोन वार आन ॲक्शन सर्जचे दोन असे चार लागले तर स्ट्रेंग्थ 18 धरून सरासरी 44. तेव्हा टेबलावर सगळे कुणाकडं बघतील सांगा. 6 डी 6 केला तर विझार्डवाला नाराज होईल आन हॉबगॉब्लिन बहुतेक तरीबी मरतील, सरासरी 21 होतीय की.

परभणीची_पल्लेदार:
हिशोब बरोबर आहे पण मला पूर्ण पटत नाही. मी फायटरच खेळते, आमच्या ग्रुपमधे पहिल्यापासून, आन मला डॅमेज कमी पडलं म्हणून कधीच कंटाळा आला नाही. कंटाळा येतो लढाई नसती तेव्हा. खंदक आला की विझार्ड फ्लाय टाकतो, कुलूप आलं की नॉक, पहारेकरी आला की इन्व्हिजिबिलिटी, आन मी नुसतं बघत बसायचं, माझ्या पात्राच्या शीटवर त्या वेळेला करण्यासारखं काहीच नसतं. हे लढाया वाढवून सुटत नाही ओ. दादा, तुमच्या पोराला आधी विचारा त्याला नेमकं काय नकोसं झालंय, कारण कामून मोबाईल काढायलाय हे आपण सगळे इथं बसून ठरवायलोत.

तो कुठल्या प्रकारचा फायटर आहे? चॅम्पियन असंल तर बॅटल मास्टर करू द्या, मधेच बदलला तरी काही बिघडत नाही. चार डी 8 (आठ बाजूंचे फासे) मिळतात, शॉर्ट रेस्टला परत येतात, कुणाला पाडायचं, कुणाच्या हातातलं शस्त्र उडवायचं, कुणाला खंदकाकडं ढकलायचं, दर वाराला काहीतरी ठरवायचं असतं. आन किल्ल्यात त्याला मान द्या. वेढा कुठून फुटंल, पहारा कधी बदलतो, कुठल्या बुरुजाचा दगड सैल आहे, हे त्याला फासा न टाकता कळू द्या, त्याचं आयुष्य त्यातच गेलंय ना. नियमात लिहिलेलं नाही पण डीएमच्या हातात आहे. जादूची तलवार दिली तर दोन रविवार खुश राहील, परत तेच.

नांदेडचा_म्हातारा_एल्फ:
वरच्या दोघांचंबी खरं आहे. थोडं जुनं सांगतो. 1974 च्या पहिल्या पुस्तकात क्लास (पात्राचे प्रकार) तीनच, फायटिंग-मॅन, मॅजिक-युझर आन क्लेरिक (पुजारी), आन तोल सांभाळायची रीत वेगळी होती. दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला 2,000 अनुभव लागायचा, मॅजिक-युझरला 2,500. जादूगार सुरुवातीला एवढा नाजूक की एका स्पेलवर दिवस काढायचा, पुढं टिकला तर डोंगर हलवायचा. 2000 साली थर्ड एडिशननं सगळ्यांना अनुभवाचा एकच तक्ता दिला आन ती किंमत गेली, ताकद मात्र राहिली. मला ते कधीच आवडलं नाही.

तुमच्या किल्ल्यासाठी एक. 1978 च्या पुस्तकात फायरबॉल बंद जागेत पसरून आपलं माप भरून काढायचा, साधारण 10 फुटांचे 33 घन. अरुंद बोळात टाकला की आग उलटी फिरून टाकणाऱ्यावरच यायची. आताच्या नियमात तसं नाही, 20 फूट रेडियसच्या पुढं जात नाही. पण तुमच्याकडं अंधारी आहे! तिथं जुना नियम लावा, फक्त आधी सांगून, वाटल्यास भिंतीवरची काजळी दाखवा म्हणजे हुशार खेळाडू ओळखंल. त्या अंधारात, वळणावळणाच्या वाटेत ढाल घेऊन पुढं कोण जाणार, फायटरच. आन विझार्ड इव्होकेशन या शाखेचा आहे का बघा, स्कल्प्ट स्पेल्स असंल तर फायरबॉलमधे चार साथीदार वाचवू शकतो, तेवढं धरून चाला.

देवगिरीचा_डीएम:
इव्होकेशनचा नाही, डिव्हिनेशनचा आहे. आन ताई, तुमचं वाचून मी आत्ताच फायटरवाल्याला फोन केला. तो म्हणला लढाईचं काही नाही, पण खंदकावर मी दोर टाकून उतरायचा बेत सांगायलतो आन तेवढ्यात विझार्ड उडून पलीकडं गेला, माझं कुणी ऐकलंच नाही. तुम्ही बरोबर ओळखलं. बॅटल मास्टर करतोय म्हणला, लगेच. लढायाबी वाढवतो, या रविवारी खंदक ते अंधारी चार ठेवतो, मधे दोन शॉर्ट रेस्टला जागा. फायरबॉल आहे तसाच राहू देतो.

फक्त टायनी हटचं सांगा. ते खंदकाच्या अलीकडं घुमट लावून झोपणार हे नक्की, मी काय करू?

लातूरचा_फासा:
लावू द्या. एकतर 24 तासात लाँग रेस्ट एकदाच, सकाळी नऊला एक लढाई करून परत झोपतो म्हणले तर फायदा मिळत नाही, वेळ लिहून ठेवत जा. दुसरं, घुमटात बाहेरच्याला येता येत नाही, स्पेलबी आत जात नाही, पण बाहेरचे आठ तास किल्लेदाराचे आहेत. घुमट दिसतो सगळ्यांना. तेवढ्यात खंदकावरचा पूल काढून घ्यायला सांगा शिपायांना.

परभणीची_पल्लेदार:
आन सकाळी दोराचा बेत त्या पोरालाच परत विचारा.