कोल्ड रूमच्या डिस्प्लेवर मध्येच ‘पी१’ येतो: प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) गेला की कंट्रोलर?

निफाडचा_बागवाला
नमस्कार मंडळी. द्राक्षाची छोटी कोल्ड रूम आहे, सेटिंग अर्धा डिग्री. डिक्सेलचा एक्सआर६० कंट्रोलर. डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) झाला की बऱ्याचदा पी१ लुकलुकतं, थोड्या वेळाने आपोआप जातं. मेकॅनिक म्हणतो, कंट्रोलरच बदला. पण मला वेगळीच काळजी आहे. पी१ नसतं तेव्हा डिस्प्ले ३ दाखवतो, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, आणि फॅनसमोरच्या क्रेटमधले देठ पाणचट होऊन काळे पडलेत. माल भरायचा आहे, काय बदलू?

थंडगार
कंट्रोलरच्या ओटी सेटिंगमध्ये (डिस्प्लेचा आकडा वर-खाली करणारी) उणे २.५ टाका, आकडा जुळेल. विषय संपला.

पॅनेलवाले_काका
भाऊ, ओटीला हात लावू नका. ते कॅलिब्रेशन चांगल्या प्रोबसाठी असतं. तुमची चूक रोज बदलतेय, उद्या सर्किट कोरडं झालं की रूम गरम राहील.

पी१ म्हणजे रूमच्या प्रोबचं सर्किट तुटलंय किंवा शॉर्ट झालंय. हा बिघाड दिसतो तरी. त्या वेळी कंट्रोलर सीओएन-सीओएफप्रमाणे (प्रोब नसताना कॉम्प्रेसर किती वेळ चालू आणि किती बंद ठेवायचा ते) चालतो, कंपनीची सेटिंग तशीच असेल तर १५ मिनिटं चालू, ३० बंद. खरा घात अलार्म न देता खोटं बोलणारा प्रोब करतो. तुमचा प्रोब एनटीसी (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा), त्यात थंडी वाढली की रेझिस्टन्स वाढतो. १० के चा प्रोब २५ डिग्रीला १०,००० ओहम, शून्याला साधारण २७,३००. केबलच्या जोडात ओल शिरली की करंटला आडवाट मिळते, एकूण रेझिस्टन्स घटतो, कंट्रोलरला वाटतं रूम गरम आहे. शून्याला २७,३०० च्या जागी २४,००० मिळाले तरी डिस्प्ले ३ च्या आसपास दाखवणार, आणि कॉम्प्रेसर रूमला उणेत नेणार. देठ त्यानेच गेले असणार. उलट स्क्रू सैल किंवा गंजलेला असेल तर रेझिस्टन्स वाढतो आणि माल गरम राहतो.

आता करायचं काय. पॅनेलचा मेन बंद करून प्रोबची दोन्ही टोकं टर्मिनलवरून सोडवा. तिथे १० के चा साधा रेझिस्टर लावून पॅनेल चालू करा. डिस्प्ले २५ च्या आसपास आला तर कंट्रोलर निर्दोष, मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा. मग प्रोबचं टोक कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या गाळात पाच मिनिटं बुडवा (नुसत्या पाण्यात नको, आणि फ्रीजरमधला पाण्याशिवायचा बर्फही नको) आणि मीटर लावा, एकदा पॅनेलच्या टोकावर, एकदा जोड सोडवून, थेट प्रोबच्या वायरवर.

केबल लांब आहे म्हणून घाबरू नका. दहा मीटर तांब्याच्या वायरने एक-दोन ओहमचाच फरक पडतो.

फ्रीजवाला_सांगली
डिस्प्लेचा आकडा कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारा मोठा स्विच) ओढताना उडत असेल तर मात्र प्रोबची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच पट्टीत आहे का बघा. आमच्याकडे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावल्यावर हाच त्रास झाला. शील्ड केबल (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) वेगळ्या वाटेने नेली, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली, तेव्हा त्रास थांबला.

निफाडचा_बागवाला
काका, रेझिस्टरवर डिस्प्ले २५.१. बर्फात थेट प्रोबवर २७.२ के, पॅनेलवर २३.८ आणि सारखं हलतंय. जोड इव्हॅपोरेटरच्या (रूममधल्या थंड कॉइलच्या) मागे सापडला, नुसती काळी टेप गुंडाळलेली, आत हिरवं झालेलं तांबं. टेप सोडली तर एक तार हातातच आली. आता नवीन जोड कसा करू, आणि प्रोब कुठे ठेवू?

पॅनेलवाले_काका
म्हणजे प्रोब आणि कंट्रोलर दोन्ही ठीक, जोडच खराब. हिरवं तांबं दिसेल तेवढं कापा, सोल्डर करा, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. जमलं तर जोड रूमच्या बाहेरच काढा. प्रोब फॅनच्या फेकीसमोर नको, परत येणाऱ्या हवेत टांगा, भिंतीला आणि क्रेटला न टेकवता. केबलला जरा खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, प्रोबपर्यंत जाणार नाही. माल भरण्याआधी एक रात्र रिकामी चालवा, आणि एका रिकाम्या क्रेटच्या मधोमध वेगळा थर्मामीटर ठेवा. डिस्प्लेशी अर्ध्या डिग्रीपर्यंत जुळला तर भरा.