मदत हवी आहे: ईव्ही की हायब्रीड? शनिवारपर्यंत ठरवायचंय

गिअरवेडा
लोकहो, पटकन सांगा. गाडी बदलतोय, ईव्ही (निव्वळ विजेवरची) घेऊ की हायब्रीड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर)? शनिवारी बुकिंग करायचंय, त्यामुळे 'आधी आपली गरज ओळखा' छापाचं प्रवचन नको. सध्याची पेट्रोल, मॅन्युअल, ११ वर्षांची. क्लच घसरतोय, मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हीलही उघडून बघावं लागेल, आणि बायको म्हणते आता पुरे. मला गाडी चालवायला आवडते, नुसतं पोचायला नाही. दोन्ही चालवून पाहिल्या. ईव्ही पाय ठेवला की सुटते, मान सीटला आपटते. हायब्रीडला चढावर पाय दाबला तर आधी इंजिन बोंबललं, गाडी मागाहून निघाली. तरी जो तो 'हायब्रीड घे, निर्धास्त राहा' म्हणतोय. काय करू?

टॉर्कमामा
ईव्ही. धागा बंद करा.

नुसतीच_वाचक
रोजचं रनिंग किती? रात्री गाडी कुठे उभी असते? तिथे प्लग आहे का?

गिअरवेडा
रनिंग नेहमीसारखंच. पार्किंग आहे.

नुसतीच_वाचक
कोणाच्या नेहमीसारखं? डॉक्टरला कुठे दुखतंय ते न सांगता गोळी मागताय तुम्ही.

चौथा_पिस्टन
ते बोंबलणं म्हणजे बिघाड नाही हो. बहुतेक तुम्ही टोयोटाच्या धर्तीची हायब्रीड चालवलीत. त्यात इंजिन आणि दोन मोटरी एकाच प्लॅनेटरी गिअरसेटला (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरतात तो संच) जोडलेल्या असतात, बदलायला गिअर नसतातच. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रिअस आली तेव्हापासून तत्त्व तेच आहे. तुम्ही पाय दाबलात की संगणक इंजिनाला थेट त्या ताकदीला सोयीच्या आरपीएमवर (मिनिटाला फेरे) नेऊन ठेवतो, वेग हळूहळू चढतो. आपल्या कानाला मात्र आरपीएम आणि वेग जोडीने चढायची सवय. महिनाभरात पाय हलका होतो, आवाज थांबतो. पाच वर्षं वापरतोय, चार्जरचं तोंड पाहिलेलं नाही.

टॉर्कमामा
पाय हलका होतो म्हणजे हौस मरते, सरळ सांग की. इंजिनही सांभाळा, बॅटरीही सांभाळा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

चौथा_पिस्टन
उपाशी कोण ते हायवेवर चार्जरच्या रांगेत कळतं, मामा.

टॉर्कमामा
रांगेत उभा राहतो तो नियोजन न करणारा. १० ते ८० टक्के करायचं, निघायचं. त्यापुढे चार्जिंग मुद्दाम मंदावतं, तरी लोक १०० टक्क्यांसाठी खुर्ची टाकून बसतात आणि मग ईव्हीला शिव्या घालतात.

खटारा_प्रेमी
मी म्हणतो गाडी बदलायचीच कशाला? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिअर मेन ऑइल सीलही (इंजिनाच्या मागच्या बाजूचं) बघून घ्या, तिथून ऑइल गळत असेल तर नवी प्लेटही घसरेल. अजून दहा वर्षं जाते.

गिअरवेडा
काका, तो प्रश्न नव्हता.

खटारा_प्रेमी
मला माहितीये. उत्तर तेच आहे.

नुसतीच_वाचक
आणि हायब्रीड म्हणजे कोणती? माइल्ड, स्ट्राँग की प्लग-इन? माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनाला हात देते, बहुतेक गाड्यांत एकटी चाकं फिरवत नाही. तिला हायब्रीड म्हणून विकतात, पण जातकुळी पेट्रोलचीच. स्ट्राँगमध्ये मोटर एकटीही काही अंतर गाडी ओढते, प्लग-इन तर सॉकेटला लावून चार्जही होते.

गिअरवेडा
एवढे प्रकार आहेत माहीत नव्हतं. बोंबलली ती स्ट्राँग असावी. सिग्नलला बंद पडून गुपचूप सुटायची. बरं, घ्या उत्तरं. ऑफिस ४ किमी, जाऊन-येऊन ८. महिन्यातून एकदा आईवडिलांकडे, एकमार्गी साधारण ४५०. पार्किंग बिल्डिंगखाली, झाकलेलं, प्लग नाही. कमिटीला अजून विचारलेलं नाही.

नुसतीच_वाचक
४ किमी! हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

चौथा_पिस्टन
इथे मीही थोडा मागे येतो. ४ किमीत कुठलंच पेट्रोल इंजिन धड गरम होत नाही. पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं, पाण्याची वाफ आत साठते. हायब्रीडमध्येही थंड इंजिन कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवायला सुरू होतंच, त्यामुळे छाती फुगवून सांगतात तो मायलेज तुम्हाला मिळणार नाही. माझं रोजचं ४० किमी आहे, म्हणून मला जमतं.

टॉर्कमामा
आला ना रुळावर.

चौथा_पिस्टन
आणि ४५०? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० वरून १२० वर गेलात की पावणेदोन पट. ईव्हीची कागदावरची रेंज तिथे वितळते. जड पायाचा माणूस आहे, स्वतःच सांगतोय.

टॉर्कमामा
मग वाटेत एक थांबा. ४५० किमी न थांबता चालवणाऱ्याच्या कमरेची मला जास्त काळजी आहे.

चकाचक
ईव्ही घ्या नाहीतर हायब्रीड, डिलिव्हरीआधी सिरॅमिक कोटिंग करून घ्या. नंतर पश्चात्ताप होतो. गडद रंग असेल तर नक्कीच.

खटारा_प्रेमी
ईव्हीला सगळे नवीन समजतात, म्हणून आठवलं. मोटारीने ताशी १०० किमीचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, आणि ती गाडी विजेचीच होती. कामिय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस, टॉर्पेडोसारखी गाडी आणि तो तिच्यावर कमरेपासून वर उघडा, म्हणजे बाहेर आलेला. गाडीचं नाव 'ला जामे कोंतांत', कधीच समाधानी नसलेली. धागाकर्त्याला शोभेल.

नुसतीच_वाचक
काका, तुम्ही क्लचवरून इथवर कसे पोचलात :)

वायरमन
भांडणं चालू द्या. मुद्द्याचं बोलतो, कारण हे काम मी रोज करतो. दिवसाला ८ किमी म्हणजे जेमतेम सव्वा-दीड युनिट. त्यासाठी भिंतीवरचा मोठा चार्जर लागतच नाही. १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॅट मिळतात. आठ तासांत, तोटा धरून, २० युनिट तरी बॅटरीत जातात. शंभर किमीला १५ युनिट धरा, म्हणजे एका रात्रीत १३० किमी. गावाला जायच्या आधी दोन-तीन रात्री लावली की झालं. खरा प्रश्न एकच: तुमच्या मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत केबल किती मीटर? आणि अर्थिंग तपासलंय का? एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. तासन् तास पूर्ण भार राहिला की पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी होतं, मग वास येतो, मग मला फोन येतो.

गिअरवेडा
मीटर जिन्याखाली. अंतर कधी मोजलं नाही. पण गाडीच्या मजेचं कोणीच बोलत नाहीये.

टॉर्कमामा
मान सीटला आपटली म्हणालास ना? अजून काय हवं.

गिअरवेडा
ते दोन दिवसांत जुनं होईल अशी भीती आहे. आज पुन्हा एक तास ईव्ही मागून घेतली. वळणाआधी डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला आणि फूटरेस्टवर आदळला. तीनदा. उजवा हात गिअरकडे, तिथे कप ठेवायचा खळगा. पण मग रिजन (पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी भरते) सगळ्यात जास्तीवर टाकलं आणि वळणाला नुसता पाय उचलून वेग जुळवायचा प्रयत्न केला. लवकर उचलला तर गाडी वळणाआधीच रेंगाळते, उशिरा उचलला तर ब्रेक घ्यावा लागतो. पाचव्या-सहाव्या वळणाला जमलं. हिल-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळणं) शिकताना आली होती तशी मजा, थोडी. जड मात्र जाणवते, वळणात बाहेर ओढते.

चौथा_पिस्टन
तळाशी ४०० किलोची बॅटरी आहे, जाणवणारच. वजन खाली असल्याने गाडी झुकते कमी, पण टायर बिचारे सगळं सोसतात. आणि पायाने वेग जुळवण्याची मजा मलाही येते, सिग्नल लाल होताना इंजिन बंद ठेवून शेवटच्या मीटरपर्यंत जाण्यात. हसू नका.

टॉर्कमामा
हसतोय.

नुसतीच_वाचक
ईव्हीच घ्यायची ठरली तर बॅटरी एलएफपी (लोह-फॉस्फेटची) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) ते विचारा. एलएफपी बिनधास्त १०० टक्के भरता येते, एनएमसी रोजच्या वापरात ८० च्या आसपास ठेवलेली बरी. आणि कमिटीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय बुकिंग नको. 'अरे होईल' हे उत्तर पार्किंगमध्ये चालत नाही, अनुभव आहे.

गिअरवेडा
शनिवार रद्द. सेल्सवाल्याला फोन केला, नाराज झाला. कमिटीला अर्ज दिलाय, बैठक तीन आठवड्यांनी. तोवर क्लच करून घेतोय. काका, खूश व्हा, ऑइल सीलही सांगितलंय. आणि वायरमनसाहेब, टेप घेऊन खाली गेलो होतो, वॉचमनने एक टोक धरलं. ३८ मीटर.

वायरमन
सरळ मोजलंत की भिंतीच्या कडेकडेने? केबल हवेतून जात नाही.

गिअरवेडा
सरळ.

वायरमन
मग ४५-५० धरा आणि परत मोजा. एवढ्या अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची तार चालणार नाही, १६ अँपिअरला ११-१२ व्होल्ट वाटेतच जातील. ६ ची टाका. आणि टेप तिरका धरू नका, वॉचमनला सांगा.